राजमातेचा पौषातला आंबा

एका नगरात एक राजमाता होती, आणि तिला आंबा हवा होता. तोही ऐन पौषात! झाडांना अजून मोहोर धरायचा होता, आंबा आणायचा कुठून? पण म्हातारी दुखण्यातून उठलेली, तोंडाची चव गेलेली. पेज पुढं केली की तोंड फिरवायची.

वैद्य म्हणाला, "महाराज, पोटात अन्न गेलं नाही, तर माझ्या औषधानं काही व्हायचं नाही."

त्या नगरातल्या बायकांना रंगीत पेन्सिलींनी चित्रं काढायची भारी हौस. राजानं दवंडी पिटली, "असा आंबा काढा, की आईसाहेबांच्या तोंडाला पाणी सुटेल!"

दोघी जावा आल्या आणि कागद घेऊन बसल्या. थोरलीचा हात दांडगा. तिनं पिवळी पेन्सिल खसाखसा घासली, अगदी दाबून दाबून. बघता बघता आंबा पिवळाधमक! लोक म्हणाले, "वा, बाई, वा!"

धाकटी मात्र बाळाच्या गालावरून बोट फिरवावं, तशी पेन्सिल फिरवत होती. आधी फिकट पिवळा, त्यावर हलकासा केशरी, मग देठाकडं हिरवा. दिसायला काहीच दिसेना.

थोरली हसली, "अगं, तुझा आंबाच आजारी दिसतोय. राजमातेआधी त्यालाच वैद्याकडं ने!"

"होईल बरा, जाऊबाई. अंगात रंग भरू दे की हळूहळू."

राजा येरझाऱ्या घालत होता. "आटपा, बाई! आई सकाळपासून उपाशी आहे."

धाकटीचा जीव वरखाली झाला. वाटलं, द्यावा जोर आणि एकदाचं संपवावं. पण भुई सारवताना पहिलाच हात जाड मारला, की पोपडे धरतात, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. ती म्हणाली, "महाराज, जरा दम धरा," आणि तिनं जांभळी पेन्सिल उचलली.

"आंब्यात जांभळा? नासवलास की गं!" थोरली ओरडली.

"सावली आहे हो ती."

थोरलीनं आपला आंबा पाहिला. सपाट, पाटासारखा. गालावर लाली द्यावी म्हणून तिनं तांबडी पेन्सिल घेतली, तर ती सरसर घसरायला लागली. "मेला, रंग बसेचना!"

"सुरुवातीलाच घोटून कागद गुळगुळीत केलात, जाऊबाई. वरचा रंग आता धरणार कशाला?"

धाकटीनं तांबड्याचा हात दिला, पुन्हा पिवळ्याचा. ऊन चमकतं तेवढी जागा कोरी ठेवली. आणि अगदी शेवटी, फिकट पेन्सिलीनं जोर देऊन सगळं घोटलं. आंबा कागदातून वर आला!

राजमातेला आधी थोरलीचं चित्र दाखवलं. "हे काय, लिंबू?"

मग धाकटीचं. म्हातारीनं कागद नाकाशी नेला, आवंढा गिळला आणि म्हणाली, "सुरी आणा गं!"

"आई, चित्र आहे ते."

"चित्र? मग मेल्यांनो, आंब्याचं लोणचं तरी वाढा! तोंडाला पाणी सुटलंय माझ्या."

लोणच्याच्या फोडीबरोबर म्हातारीनं वाडगाभर पेज संपवली आणि वर आणखी मागितली. वैद्य हसला, राजा नाचायचाच राहिला. आणि थोरली कोरा कागद घेऊन धाकटीला चिकटून बसली, "पहिला हात किती हलका गं? माझा हात धरून दाखव."

तात्पर्य: जोर लावायला शेवटी वेळ असतो, आधी हलक्या हातानं थरावर थर चढू द्यावेत, म्हणजे कामात जीव येतो.