रुजलेली खुंटी

यवद्वीपाच्या किनाऱ्यावर राजा पूर्णधर राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या राज्याच्या अगदी टोकाला, धुमसत्या डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव वनू. बंदरापासून त्या गावी पोचायला नऊ दिवस लागत. राजाचा माणूस तिथे कधी फिरकत नसे, आणि गावालाही त्याची आठवण येत नसे.

सत्तावीस घरांचे गाव. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कोरून त्यांनी भाताची खाचरे केली होती. वरच्या खाचरातून पाणी खालच्यात उतरे, तिथून त्याच्या खालच्यात. गावात कोणाला लिहिता येत नव्हते, मग कोणाचे काय हे ठरायचे कसे? तर तिथे तांबड्या पानांचे एक झुडूप होते. त्याची काठी ओल्या मातीत खोचली की रुजायची. आपण त्याला तांबडपान म्हणू. हद्दीवर तांबडपान लावायचे, आणि थडग्याच्या उशालाही तेच. दरसाल कापणी झाली की सारा गाव हद्दीवरून चालत जाई. प्रत्येक जण आपल्या तांबडपानावर हात ठेवून म्हणे, "इथवर आमचं." तीन वर्षे कोणी हरकत घेतली नाही की ती हद्द कायमची. हद्दीचे तांबडपान जो उपटेल त्याचे शेत गावाकडे जाई आणि त्याला गावाबाहेर काढत.

वनू वीस वर्षांचा असताना त्याची म्हैस शेजारच्या पंजीच्या वरच्या खाचरात रुतली. ते खाचर मोलाचे होते, कारण डोंगरातून येणाऱ्या पाण्याचे तोंड तिथे होते. पंजी धावत आला. दोघांनी कमरेएवढ्या चिखलात उतरून म्हशीला ओढून काढले. तिला बांधायला खुंटी हवी होती. वनूने घाईघाईत हद्दीवरच्या तांबडपानाची एक फांदी तोडली, पाण्याच्या तोंडापलीकडे पंजीच्याच खाचरात ठोकली आणि तिला दोरी बांधली. त्या मुलखात खुंटीला कुठलेही लाकूड चालते, फक्त हे नाही. पण तेव्हा दोघेही हसत होते, चिखलाने माखले होते, कोणाच्या ध्यानात येणार? संध्याकाळी वनूने दोरी कापून म्हैस घरी नेली. खुंटी राहिली.

त्याच पावसाळ्यात मध काढताना पंजी कड्यावरून पडला. दोन दिवस तळमळला आणि गेला. मागे बायको सेकार आणि चार वर्षांची मुलगी मेलूर. त्या पावसात वरचा बांधही ढासळला आणि जुने तांबडपान चिखलाखाली गाडले गेले. कापणीनंतर गाव हद्दीवरून चालत आला तेव्हा एकच तांबडपान दिसत होते, वनूने ठोकलेले. त्याला पाच पाने फुटली होती. पहिली दोन वर्षे विधवेने हद्दीवर यायचे नाही असा नेम, म्हणून सेकार घरी होती. वनूच्या बापाने झुडपाकडे पाहिले, पाण्याच्या तोंडाकडे पाहिले, पानावर हात ठेवला आणि म्हणाला, "इथवर आमचं."

वनूने तोंड उघडले आणि मिटले.

बोधिसत्त्व आणि असा, म्हणून ऐकणारा कपाळाला हात लावील. लावू द्या. त्या वर्षी पीक अर्धे आले होते, वनूची बायको दायांग पोटुशी होती, आणि बापापुढे बोलायची त्या घरात रीत नव्हती. दुसऱ्या वर्षी तो गप्प राहिला, कारण पहिल्या वर्षी गप्प राहिला होता. तिसऱ्या वर्षी सेकार समोर उभी होती. ती चाचरत म्हणाली, "आमची हद्द याच्या पुढं होती ना?" म्हाताऱ्याने झुडपाकडे बोट दाखवले. ती पुढे काही बोलली नाही, आणि हद्द कायम झाली.

गाडलेले तांबडपान मधून मधून कोंब टाकी. बाप जिवंत होता तोवर तो ते मोडी. बाप गेल्यावर वनूने एकही कोंब मोडला नाही. तो फक्त म्हैस तिथे चरायला सोडी.

अशी बारा वर्षे गेली. वनूला दोन मुली झाल्या आणि त्या पोटभर भात खाऊन वाढल्या. सेकारच्या खाचरात मात्र वरून उरेल तेवढेच पाणी येई. तिने भात सोडून अळूचे कंद लावले. दहाव्या वर्षी तेही वाळले. तेव्हा बंदराहून मीठ विकायला आलेल्या एका बाईबरोबर तिने मेलूरला पाठवून दिले, कोणाच्या तरी घरी राबेल आणि निदान जेवेल म्हणून. मेलूर चौदा वर्षांची होती. निरोप म्हणून काही आला नाही.

बाराव्या वर्षी पुन्हा पाऊस लांबला. एका सकाळी सेकार वनूच्या बांधावर येऊन उभी राहिली. ती पस्तिशीची होती आणि साठीची दिसत होती.

"भावोजी, दोन दिवस पाणी सोडाल का? कंदांना कोंब आलेत."

"सोडतो की, वहिनी. आजच सोडतो."

ती जायला वळली, मग थांबली. "एक सांगू? आमचे हे पडल्यावर दोन दिवस एकच घोकत होते. पाण्याचं तोंड आपलं आहे, तू पोरीची काळजी करू नकोस. मला इतकी वर्षं त्यांचा राग यायचा, की मरतानाही खोटा धीर देऊन गेले." ती ओशाळून हसली. "आता वाटतं, भ्रमच झाला असेल बिचाऱ्यांना."

ती निघून गेली. वनू बांधावर बसून राहिला. आपण जमीन घेतली हे त्याला माहीत होते. पण मेलेल्या माणसाचा शब्दही आपण खोटा पाडला, हे त्याला त्या दिवशी कळले. त्याला जेवण गेले नाही.

त्याने दायांगला सगळे सांगितले. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले.

"पाणी सोडा तिला. जन्मभर सोडा. मी कधी अडवलं तर विचारा," ती म्हणाली. "पण बोलू नका. आपल्या या दोघी पोरींनी काय केलंय तुमचं?"

"त्या पोरीनं तरी काय केलं होतं, दायांग?"

ती रडू लागली आणि वनूने तिची समजूत घातली नाही, कारण घालण्यासारखे काही नव्हते.

कापणीनंतर गाव हद्दीवरून चालत आला. वनूची पाळी आली तेव्हा त्याने तांबडपानावर हात ठेवला नाही. "ही हद्द नाही," तो म्हणाला. "ही माझ्या म्हशीची खुंटी आहे." आणि त्याने सारी हकिकत सांगितली.

गावचा ग्रामणी बांगो माणूस वाईट नव्हता, पण घाबरला. "अरे, साक्षीला कोण?" त्याने विचारले.

"पंजी होता. आता मीच."

"वनू, नीट विचार कर. एक तांबडपान खोटं निघालं, तर उद्या जो तो शेजाऱ्याच्या पानाकडं बोट दाखवील. गाव कशावर उभं राहणार? तुला दया येते ना? मग वाटेल तेवढा भात दे तिला. हे बोलणं मागं घे."

गावकऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना वनूचा राग आला होता, पंजीचे पाणी गेले त्याचा नव्हे. सेकार बाजूला उभी राहून वनूकडे टक लावून पाहत होती.

"हे पान उपटलं तर जमीन कोणाची?" वनूने विचारले.

एक म्हातारा म्हणाला, "त्याच्या आधीचं पान जिवंत असेल, तर त्या पानाची."

वनूने म्हशीने ओरबाडलेले, ढोपराएवढे उरलेले जुने झुडूप दाखवले. मग खाली वाकून त्याने आपली बारा वर्षांची खुंटी दोन्ही हातांनी उपटली. मुळाशी, सालीच्या आत रुतलेला, माडाच्या काळ्या काथ्याच्या दोरीचा फास होता. तो काथ्या पाण्यात कुजत नाही. सगळ्यांनी तो पाहिला.

सेकारने आपल्या नवऱ्याचे नाव घेतले, एकदाच, आणि ती खाली बसली.

पण कायदा तो कायदा. वनूचे शेत गावाकडे गेले. दायांग मुलींना घेऊन भावाच्या आश्रयाला गेली आणि जाताना तिने वनूकडे पाहिले नाही. धाकटीने पाहिले, तर आईने तिचे तोंड फिरवले. वनू तीच उपटलेली काठी टेकत गावाबाहेर पडला. सेकारला तो एवढेच म्हणाला, "मेलूरला घेऊन येतो, वहिनी."

नऊ दिवस चालून तो बंदराला पोचला. मीठवाली शोधायला त्याला महिना लागला. तिने त्याला एका व्यापाऱ्याचे घर दाखवले. तिथल्या स्वयंपाकिणीने सांगितले की ती डोंगरातली पोर पहिल्याच पावसाळ्यात तापाने गेली. हाक मारायला तिला सगळे 'ए डोंगरी' म्हणत, नाव कोणी विचारले नव्हते. समुद्राच्या काठी वाळूत तिला पुरले होते. वनूने जागा पाहिली. उशाला काही नव्हते.

त्याने काठीचा टोकाकडचा तुकडा कापून तिथे खोचला. रोज तो लांबून गोडे पाणी आणून घाली. एक महिना त्याने वाट पाहिली. जे झाड कुठेही खोचले तरी रुजायचे, म्हशीची खुंटी म्हणूनही रुजले होते, ते त्या खाऱ्या वाळूत रुजले नाही. शेवटी वनू उठला.

तो परत आला आणि गावाच्या पहिल्या तांबडपानाशी थांबला, कारण त्याच्या आत त्याला पाऊल टाकता येत नव्हते. त्याने हाक मारली. सेकार आली. तिच्या पायाला ताज्या चिखलाच्या खुणा होत्या. वरच्या खाचरात तिने लावणी केली होती. तिने त्याच्या मागे वाटेकडे पाहिले. वाट रिकामी होती.

वनूने सगळे सांगितले, वाळूसुद्धा लपवली नाही.

ती म्हणाली, "मी तिच्यासाठी लावलं होतं."

मग म्हणाली, "एक शब्द बोलायचा होता, भावोजी. बारा वर्षांपूर्वी. एकच."

"हो, वहिनी."

ती वळून गेली. वनू तिथेच बसून राहिला, कारण जायला जागा नव्हती. कापणीपर्यंत तो त्या हद्दीबाहेर झाडाखाली राहिला आणि रानातले कंद खाऊन जगला. कापणी झाली त्या दिवशी सेकार केळीच्या पानात नव्या तांदळाचा भात बांधून घेऊन आली. पुरचुंडी तिने तांबडपानाच्या आतल्या बाजूला ठेवली आणि काठीने त्याच्याकडे सरकवली. तिने त्याला क्षमा केली नाही. पाण्याचे तोंड ज्या खाचरात होते त्याच खाचरातला तो भात होता. वनूने तो खाल्ला, आणि खाताना तो लहान मुलासारखा रडला.

ही गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनाच्या विहारात भद्दसेन नावाच्या भिक्षूला सांगितली. एका वृद्ध भिक्षूच्या कुटीत त्याने सहज आपले भिक्षापात्र ठेवले होते. संघाने पात्र पाहून कुटी त्याच्या नावे केली आणि तो गप्प राहिला. वृद्ध भिक्षू त्या दिवसापासून झाडाखाली निजत होता.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा पंजी म्हणजे झाडाखाली निजणारा हा वृद्ध भिक्षू. तेव्हाची सेकार आज भिक्षुणीसंघातली थेरी सुवच्चा आहे. ग्रामणी बांगो म्हणजे ज्याने पात्र पाहून कुटी वाटली तो संघाचा व्यवस्थापक. मेलूर आज कोण आहे हे मी सांगणार नाही. तिला नावाने कोणी हाक मारली नाही, तेव्हा तुम्ही प्रत्येकीत तिला शोधा. आणि बारा वर्षे गप्प राहिलेला वनू, भिक्षूंनो, तो मीच होतो. सत्यपारमिता, सत्याची ती परिपूर्णता, मी अशी शिकलो, दुसऱ्याच्या लेकराच्या मोलाने."

भद्दसेन उठला होता. शास्त्यांना वंदन करायचेही तो विसरला आणि झाडाच्या दिशेने धावत सुटला.