गळ्यावरच्या तीन हट्टी रेघा

ऐका बरं का, पण मध्येमध्ये बोलायचं नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात होती एक इवलीशी पोवळी. हो हो, नावच पोवळी! जिची आई दिवसभर मणी ओवते, तिच्या लेकीचं नाव दुसरं काय असणार?

पोवळीची आई सगुणा पटवेकरीण होती. पटवेकरीण म्हणजे कोण, विचारा की! सोनार मणी घडवतो, पण ते मणी काय आपोआप गळ्यात जाऊन बसतात? त्यांना रेशमाच्या दोऱ्यात ओवायचं, बारीक बारीक गाठी मारायच्या, टोकाला छानसा गोंडा लावायचा, हे सगळं पटवेकरणीचं काम. सगुणा जमिनीवर बसायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायची आणि मान खाली घालून ओवत राहायची. डाळिंबी मणी, पोपटी मणी, मोहरीएवढाले सोनेरी मणी. गावातल्या एकूणएक बायकांच्या गळ्यात तिच्या हातची माळ होती. तिच्या स्वतःच्या गळ्यात मात्र एक साधी काळी पोत. घर म्हणजे एकच खोली, आणि भाकरीबरोबर कालवण असेलच असं काही नाही. बाबा गावोगावच्या बाजारात करगोटे आणि गोंडे विकत हिंडायचे, ते घरी पाहुण्यासारखे यायचे.

आता मान अशी सदा खाली, मग व्हायचं तेच झालं. सगुणाच्या गळ्यावर तीन आडव्या रेघा उमटल्या. आणि रेघा तरी कशा, महाहट्टी! सगुणा हसली तरी तिथेच, झोपली तरी तिथेच. पोवळीला त्यांचं काहीच वाटायचं नाही. आईच्या गळ्याला नाक लावून झोपताना ती त्यांवरून बोट फिरवायची, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

पण एके दिवशी इंदूकाकू आल्या. इंदूकाकू म्हणजे गावच्या सोनारीण. टेकडाईच्या माळेसाठी सोन्याचे मणी घेऊन आल्या होत्या. टेकडाई ही गावची देवी. दर चैत्रात तिची जत्रा भरायची आणि जत्रेच्या दिवशी तिच्या गळ्यातली जुनी माळ उतरवून नवी घालायची, ती पटवेकरणीनंच, स्वतःच्या हातानं, अशी रीत होती. सगुणाच्या सासूनं घातली होती, तिच्या सासूनं घातली होती. पटवेकरीण ज्या वर्षी आली नाही, त्या वर्षापासून तो मान दुसऱ्या घरी जायचा, तो कायमचा.

तर इंदूकाकूंनी मणी दिले, सगुणाकडे बघितलं आणि माळा न्यायला आलेल्या चार बायकांसमोर म्हणाल्या, "सगुणे, तुला बाई हार करायची गरजच नाही. देवानं तीन पदरी हार गळ्यातच कोरून दिलाय!" बायका फिसकन हसल्या. सगुणाही हसली. पण त्या दिवसापासून तिनं पदर गळ्याभोवती गच्च गुंडाळून घेतला. बाहेर ऊन मी म्हणतंय, घामानं जीव हैराण, तरी पदर काही सुटेना.

मग एका सकाळी ती म्हणाली, "यंदा माळ ओवून देईन गं पोवळे. घालायला नाही जायची मी. इतक्या लोकांत ही मान घेऊन कुठे मिरवू?"

आईच्या वर्षात तेवढा एकच दिवस असा होता, की ती ताठ उभी राहायची आणि सगळा गाव तिच्याकडे बघायचा. तोच गेला तर मग राहिलं काय?

पोवळीनं हरतऱ्हेचे उपाय केले. कुणी सांगितलं साय लाव, तिनं साय लावली. कुणी सांगितलं खोबरेल तेल घे आणि बोटं खालून वर फिरव, तिनं फिरवली. कुणी म्हणालं लिंबू, तर आईची नुसती आग आग झाली. शेवटी बेसन आणि हळद. आणि हळदीनं तर कमालच केली. गळा धुतला तरी ती तीन रेघांत जाऊन बसली, आणि रेघा पिवळ्याधमक होऊन जास्तच दिसायला लागल्या! आई म्हणाली, "राहू दे गं बाळा. तू दमशील, त्या नाही दमायच्या."

घरामागे एक जुनी विहीर होती आणि विहिरीमागे एक पडकी बाग. बागेत बाकी सगळं वाळून गेलं होतं, एक गुलबक्षीचं झुडूप तेवढं उरलं होतं. पोवळी रोज आपल्या तांब्यातलं अर्धं पाणी त्याला घालायची. त्या दिवशी दुपार कलली, आणि ती पाणी घालता घालता रडायला लागली. तेवढ्यात कळ्या हलल्या. एक फूल उमललं राणी रंगाचं, एक पिवळं, एक पांढऱ्यावर गुलाबी शिंतोडे उडालेलं. आणि मधल्या फुलातून, झगा झटकत, अंगठ्याएवढी एक परी बाहेर आली. झगा राणी रंगाचा, पंख चांदीचे, आणि केसांत परागांची सोनपिवळी भुकटी. ती जरा हलली की हवेत चमचम सांडायची.

"अर्धा तांब्या मला आणि अर्धा तुला, असं कुणी करतं का गं?" परी म्हणाली. "तहान नाही लागत तुला?"

"लागते की," पोवळी डोळे पुसत म्हणाली. "पण तुलाही लागत असेल ना."

परीला इतकं हसू आलं, की फूलच डुलायला लागलं. मग तिनं झुडपाखालून तीन काळ्या बिया उचलल्या. गुलबक्षीच्या बिया पाहिल्यात ना तुम्ही? अगदी काळ्या मण्यांसारख्या. "घे, तीन बिया म्हणजे तीन इच्छा. बी मुठीत धरायची आणि हवं ते मागायचं. काय हवंय तुला?"

"आईच्या गळ्यावरच्या रेघा पुसून टाक!"

परीचा चेहरा गंभीर झाला. "रेघ पुसता येत नाही, राजा. मलासुद्धा नाही. हलवता येते फक्त. एका बीला एक रेघ. पण ती कुठे ठेवायची ते तू सांगायचंस. आणि दगडावर, भिंतीवर ती बसत नाही हं. रेघेला गळाच लागतो."

"आणि मग परत नाही ना येणार?"

"एकाच वाटेनं येते. जिची होती तिनं स्वतःच्या तोंडानं मागितली, तर. पण आजवर कुणी मागितलेली नाही बाई!" असं म्हणून परी फुलात शिरली आणि फूल मिटलं.

पोवळी विचार करत बसली. कुणाचा गळा? आणि मग तिला बरोब्बर आठवला एक गळा, गोरापान आणि गुळगुळीत. खोटं कशाला बोला, तुम्हालाही आठवला असेल! पोवळी तरातरा चालत इंदूकाकूंच्या घरी गेली. मूठ घट्ट, ओठ घट्ट.

परसदाराची खिडकी उघडी होती. इंदूकाकू आरशापुढे उभ्या होत्या. त्या गळा वर ताणून बघत होत्या, मग डावीकडे वळून, मग उजवीकडे वळून. बोटानं कातडी ओढत होत्या आणि स्वतःशीच म्हणत होत्या, "ही रेघ आहे का? नाही, सावली आहे. सावलीच आहे. देवा, रेघ नको हं." आवाज इतका घाबरलेला, की पोवळीचा राग कुठल्या कुठे गेला. असल्या भित्र्या गळ्यावर कशी ठेवायची रेघ? ती हळूच मागे फिरली.

घरी आई भिंतीला टेकून डुलकी काढत होती. मांडीवर टेकडाईची अर्धी माळ, अंगठ्याला दोरा तसाच. पदर सुटला होता. पोवळीनं पहिली बी मुठीत धरली आणि पुटपुटली, "माझ्या गळ्यावर ठेव."

सळसळ झाली आणि आईची एक रेघ गेली! पोवळीच्या गळ्याला काहीतरी गार गार चिकटलं आणि तिची मान आपोआप खाली गेली. केवढं जड! डोळ्यांपुढे नुसते मणी. मणी, मणी आणि मणी, आणि मानेत एक कळ. "आई गं," पोवळी मनात म्हणाली, "तुला रोज असं होतं?" मग तर तिनं दुसरी बी लगेच मुठीत धरली.

दुसरी रेघ आली. मान आणखी वाकली. पण या वेळी मणी दिसले नाहीत. मांडीवर झोपलेलं एक बाळ दिसलं. चिमुकल्या मुठी, ओठांवर दुधाचा थेंब. वरून रेशमाचा लाल दोरा जात होता, आणि ओवणारी एक मणी ओवून बाळाकडे बघत होती, पुन्हा एक मणी ओवून पुन्हा बाळाकडे. अय्या, ते बाळ म्हणजे पोवळीच की! आई माळेकडे थोडी बघत होती, आणि बाकी सगळी हिच्याकडे.

पोवळीच्या डोळ्यांतून टपकन एक थेंब आईच्या हातावर पडला आणि आई जागी झाली.

"का गं रडतेस?" आईनं तिची हनुवटी वर केली मात्र, आणि किंचाळलीच. "अगं बाई! हे काय झालं तुझ्या गळ्याला?"

पोवळीनं सगळं सांगितलं. परी सांगितली, बिया सांगितल्या. म्हणाली, "तिसरी पण घेते. मग तू जत्रेला जाशील ना?"

"काही घ्यायची नाही!" आईनं तिची मूठ धरली. "त्या माझ्या आहेत. माझ्या मला परत दे. आत्ताच्या आत्ता दे!"

"पण आई, तुला त्यांची लाज वाटते ना?"

"वाटत होती गं. पण तुझ्या गळ्यावर बघितल्या आणि माझा जीवच गेला. कष्ट माझे, रेघा माझ्या. तुझ्या कोवळ्या गळ्यावर मी एकसुद्धा ठेवून घेणार नाही."

तिनं स्वतःच्या तोंडानं मागितल्या होत्या. सळसळत दोन्ही रेघा आपल्या घरी परत गेल्या. पोवळीची मान हलकी झाली. तिनं पुन्हा त्यांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, "या रेघेत मणी आहेत. आणि या रेघेत मी आहे." आईनं पोवळीला जवळ घेतलं, आणि उरलेली माळ ओवायला लागली.

जत्रेच्या दिवशी सगुणा टेकडी चढली ती पदर खांद्यावर टाकून, गळा उघडा ठेवून. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता, आणि पोवळी आईचं बोट धरून थेट गाभाऱ्यात. सगुणानं जुनी माळ हळूच उतरवली. नवी घालायच्या आधी क्षणभर देवीचा गळा मोकळा झाला, आणि पोवळी ओरडली, "आई! देवीला पण आहेत!"

खरंच की! टेकडाईच्या काळ्या दगडी गळ्यावर आडव्या तीन रेघा कोरलेल्या होत्या. माळेखाली झाकलेल्या असायच्या, त्यामुळे पटवेकरणीखेरीज कुणाला दिसायच्याच नाहीत.

"मी दरवर्षी बघते गं," सगुणा हळूच म्हणाली. "पण तिच्या गळ्यावर ते देखणेपण आणि माझ्या गळ्यावर ते म्हातारपण, असं मला का वाटलं कुणास ठाऊक."

"तीपण दिवसभर मान खाली घालून सगळ्यांकडे बघत असेल," पोवळी म्हणाली.

गाभाऱ्याच्या दाराशी इंदूकाकू उभ्या होत्या. त्यांनी देवीकडे बघितलं, मग सगुणाकडे. त्यांचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला, आणि किती दिवसांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला. "सगुणे," त्या पुढे येऊन म्हणाल्या, "चुकलं बाई माझं. घाल, माळ घाल. उशीर होतोय." सगुणानं ताठ उभं राहून माळ घातली आणि सगळ्या गावानं तिच्याकडे बघितलं.

परतल्यावर पोवळी धावत बागेत गेली. परी फुलाच्या काठावर पाय सोडून वाट बघत होती.

"एक बी उरलीय तुझी," परी म्हणाली. "काय मागतेस? नवा झगा? मोठं घर?"

पोवळीनं बी मुठीत घट्ट धरली. आईची वाकलेली मान तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती कळ. "माझ्या आईला," ती म्हणाली, "रोज वर बघायला काहीतरी दे."

परीचे डोळे भरून आले. तिनं पंख पसरले आणि ती उजळायला लागली, आधी राणी रंगात, मग पिवळ्या, मग पांढऱ्याशुभ्र. तो उजेड झुडपावरून सरसर पुढे गेला, विहिरीवरून घराकडे गेला, दाराच्या चौकटीवरून छपरापर्यंत चढला आणि विझला. परी नव्हती. पण कमरेएवढ्या गुलबक्षीचा मोठा थोरला वेल झाला होता, आणि तो दारावर पसरून वरच्या वर लखलख फुलला होता.

आता तुम्ही विचारणार, मग रेघा गेल्या का? छे हो! हट्टी त्या हट्टीच. थोड्या फिकट झाल्या म्हणतात, सगुणा मात्र आरशात बघायला जातच नाही. रोज दुपार कलली, की ती अंगठ्यातला दोरा सोडते, दारात येऊन बसते आणि मणी निवडणाऱ्या लेकीला विचारते, "पोवळे, आज किती फुलं उमलली गं?"

आणि पोवळी म्हणते, "मी नाही सांगणार. तूच बघ ना वर!"