खांद्यावरचा हात

“मग चुकलं कुठं, अक्का?”

विक्रांतचा आवाज चढला होता. एरवी तो मथुराअक्कांसमोर मान खाली घालून बोले. पण आजचं काम खरोखरच नामी झालं होतं, आणि ते त्याला पुरतं ठाऊक होतं.

गेलेल्या माणसांचे फोटो भिंतीवर लावण्याजोगे करून द्यायचे, हे तासगावच्या त्या स्टुडिओत अक्कांचं काम. हाराखालून बघणारे कितीतरी चेहरे त्यांच्या हाताखालून गेलेले. विक्रांत त्यांचा शिष्य. आपण केलेला एक तरी फोटो अक्कांनी न तपासता कुणाच्या घरी जावा, एवढीच त्याची आस होती. आज सकाळी अक्का म्हणाल्या होत्या, “हा तूच कर. मी बघणार नाही.”

गिऱ्हाईक समोरच बसलं होतं. रंजनाबाई. त्यांचा धाकटा भाऊ आनंदा गेला, उद्या त्याचा दहावा. हसरा असा त्याचा एकच फोटो, तोही त्याने मोबाइलला लावायला स्वतःच कापून घेतलेला. चेहरा सुरेख आलेला, पण खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता. मनगटात हिरव्या बांगड्या.

विक्रांतने तो हात पुसला. तिथे खांदा घडवला, शर्टाच्या चौकड्या एकीला एक जुळवल्या, माणूस बरोबर मधोमध आणला. भल्याभल्यांना जमत नाही ते.

रंजनाबाईंनी प्रिंट बराच वेळ बघितली. मग टेबलावर उपडी ठेवली.

“माझाच भाऊ हाय... पर न्यावासा वाटंना झालाय.”

“नाक, डोळे, काही बदललंय का?”

“न्हाई.”

“मग?”

“परका दिसतोय. पाव्हण्यांच्यात आल्यागत.”

म्हणून विक्रांतचा तो प्रश्न. अक्कांनी प्रिंट सुलटी केली.

“चौकड्या काय जुळवल्यास रे! मला नसत्या जमल्या.”

अक्का खोटं कौतुक करत नसत. विक्रांत फुलला, आणि मग आणखीच गोंधळला.

“हात का काढलास?” अक्कांनी विचारलं.

“उद्या याला हार चढणार, अक्का. जिवंत माणसाचा हात हाराखाली कसा ठेवायचा? तुम्हीच सांगता, जिवंताच्या फोटोला हार घालू नये.”

“खरं आहे.”

“मग?”

“याची मान बघ.”

विक्रांतने बघितली. उजव्या कडेकडे झुकलेली.

“कशाकडं झुकलाय?”

“सरळ करून देतो,” विक्रांत म्हणाला. “हातासरशी होईल.”

अक्का हसल्या. त्याला उठवून स्वतः संगणकासमोरच्या खुर्चीवर बसल्या. मूळ फोटो उघडला, हातासकट. मग कॅनव्हास साइज काढलं. पडद्यावर नऊ घरांची छोटी चौकट आली.

“अक्का, मोठा करायचा तर इमेज साइज घ्या. यानं माणूस मोठा होत नाही.”

“नको होऊ दे.”

इमेज साइज वाढवलं की फोटो ताणला जातो. कॅनव्हास वाढवला की फोटो असतो तेवढाच राहतो, शेजारची जागा तेवढी वाढते. हा फरक अक्कांनीच त्याला शिकवला होता. आज तो त्यांनाच परत शिकवत होता. शिष्यांना ही हौस असतेच.

अक्कांनी डावीकडचं मधलं घर दाबलं, म्हणजे फोटो डावीकडे धरून ठेवायचा आणि वाढायचं ते उजवीकडे. रुंदीचा आकडा दुप्पट केला.

आनंदा होता तिथेच राहिला. केसभरही हलला नाही. त्याच्या शेजारी मोकळी पांढरी जागा उघडली, आणि तिच्या कडेतून बांगड्यांचा हात येऊन त्याच्या खांद्यावर टेकला. आता त्याची मान वाकडी वाटेना. कुणाला तरी रेलून उभा असावा, तसा तो दिसत होता.

रंजनाबाई उठून पडद्याजवळ आल्या. त्यांनी त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“हितं मी हुते.”

विक्रांतने त्यांच्या मनगटाकडे बघितलं.

“यात्रंतला फोटू हाय. फोटू म्हटला की पळायचा आनंदा. मी धरून हुबा केला हुता त्येला.”

बोलता बोलता त्यांना हसू आलं, मग रडू आलं. दोन्ही एकदमच म्हणा ना.

“पण हार...” विक्रांत हळूच म्हणाला. हात बाईंचाच निघाल्यावर त्याला जास्तच धास्ती वाटू लागली होती.

“हार त्येच्या बाजूला घालीन की!” रंजनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “मी काय मरायच्या आदी हार घालून घेतीया व्हय?”

विक्रांत अक्कांकडे बघत राहिला. त्यांनी आनंदाच्या चेहऱ्याला हातही लावला नव्हता, आणि मघाशी परका वाटलेल्या भावाबद्दल बाई आता नाव घेऊन बोलत होत्या. असं काम आपल्या डोळ्यांदेखत झालं, याचाच त्याला आनंद वाटला. हेवा वाटायचा राहूनच गेला.

अक्का उठल्या. माउस त्याच्याकडे सरकवला.

विक्रांत खुर्चीवर बसला. कोऱ्या बाजूकडे बघत म्हणाला, “एवढं पांढरं बरं दिसणार नाही, अक्का. काय भरू? यात्रेची गर्दी, की नुसतं आभाळ?”

“मला काय विचारतोस? जागा बाईंची आहे.”