एकही तुटला नाही

“...तर मग एक तुटला असं लिहिलं, तर बिघडलं कुठे, सर?”

डॉ. मृणाल खांडेपारकर हे विचारत होती, ते तापीकाठच्या एका मठाच्या ओसरीवर. समोर वामनबुवा शेंगा सोलत बसले होते. एकेकाळी ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मृणाल त्यांची विद्यार्थिनी होती. मठात सगळे त्यांना बुवा म्हणत. ती अजून सरच म्हणायची.

“काय तुटला?” बुवांनी वर न बघता विचारलं.

“प्रोटॉन.”

“प्रोटॉन म्हणजे?”

मृणालच्या कपाळावर आठी पडली. परदेशातल्या परिषदांत लोक तिचं भाषण ऐकायला उभे राहत.

“हे मला विचारताय?”

“तुलाच.”

तिनं घडाघडा सांगितलं. “अणूच्या केंद्रकातला कण. इलेक्ट्रॉनचा ऋणप्रभार जेवढा, बरोबर तेवढाच याचा धनप्रभार. वजनाला मात्र त्याच्या अठराशे छत्तीस पट. केंद्रकात एक असला तर हायड्रोजन, आठ असले तर ऑक्सिजन, एकोणऐंशी असले तर सोनं. पोटात तीन क्वार्क, एकमेकांना घट्ट धरून बसलेले.”

“आणि आयुष्य?”

“ते कुणालाच माहीत नाही. तेच तर शोधत होते.”

शोधत होती ती अकरा वर्षं. एका बंद पडलेल्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटर. तिथे शुद्ध पाण्याची प्रचंड टाकी होती. एकाच प्रोटॉनकडे बघत बसलं तर विश्वाचं वयही पुरणार नाही. म्हणून टाकीभर प्रोटॉनांवर एकदम नजर ठेवायची. काही सिद्धांत सांगतात की प्रोटॉनही कधीतरी तुटतो, आणि तसं असेल तर जगातली प्रत्येक वस्तू शेवटी विरून जाईल. टाकीतला एक जरी तुटला, तरी पाण्यात क्षणभर चमक दिसेल.

आता अनुदान संपलं होतं. अहवाल सोमवारी द्यायचा होता.

“चमक दिसली?” बुवांनी विचारलं.

“एकदा. गेल्या मार्गशीर्षात.”

“मग?”

मृणालनं नजर खाली घेतली. “त्याच वेळी शेजारच्या बोगद्यात पंपाची दुरुस्ती चालू होती. त्यानं आमच्या यंत्रांच्या तारा हलल्या आणि खोटीच चमक नोंदली गेली असावी... पण हे फक्त मला माहीत आहे.”

बुवा शेंगा सोलत राहिले.

“सर, माझे वडील गेले तेव्हा मी खाणीत होते. वर आले तोवर सगळं आटोपलं होतं. आणि आता मी कागदावर काय लिहू? काही घडलं नाही?” तिचा आवाज चढला. “अकरा वर्षं, सर! काही घडलं नाही!”

बुवांनी सूप बाजूला सारलं. कोपऱ्यातला तांब्या उचलला.

“ओंजळ कर.”

तिनं केली. बुवांनी ती काठोकाठ भरली.

“बघ.”

“काय बघू?”

“तुटतो का.”

तिला हसू येणार होतं, पण बुवा हसत नव्हते. ती पाण्याकडे बघत राहिली. बोटांच्या फटीतून थेंब गळत होते. खाली वाळूवरून कुणीतरी बैल पाण्यावर नेत होतं. तिचे हात भरून आले. तरी तिनं ओंजळ सोडली नाही.

...

“तुटला?”

“नाही.”

“आता?”

“नाही, सर.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच रडत होती. रडता रडता तिनं ओंजळ तोंडाशी नेली आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

मग ओले हात पदराला पुसून तिनं पिशवीतून अहवाल काढला. शेवटच्या पानावर त्या चमकेबद्दल तीन ओळी होत्या. त्या तिनं खोडल्या. बाजूला पंपाच्या दुरुस्तीची तारीख आणि वेळ लिहिली. खाली सही केली.

बुवांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

ती पायऱ्या उतरली. अर्ध्यावर थांबून वळली.

“सर, परवा सगळे मला विचारतील. अकरा वर्षांत सापडलं काय? काय सांगू त्यांना?”

बुवांनी एक शेंग फोडली.

“सांग, जग अजून आहे.”