शाफ्टचे साडेपाच फेरे

मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा, नावाजलेल्या पारख्यावर की ग्रीसने हात काळे झालेल्या दुकानदारावर?

कोल्हापूरच्या मालतीवहिनींना नवऱ्यामागे उरलेली जुनी मोटार घेऊन साताऱ्याला बहिणीकडे कायमचं जायचं होतं. पण हायवेवर साठाच्या पुढे इंजिन किंचाळायचं.

जुन्या गाड्यांचे पारखी रावसाहेब इनामदार आले. त्यांनी मागचं एक चाक जॅकवर उचलून एक फेरा फिरवलं. इंजिनाकडून येणारा शाफ्ट पावणेतीन वेळा फिरला.

"फेरे कमी, म्हणजे गिअरिंग सपाटीवर पळायचंच आहे. तरी किंचाळतंय, म्हणजे इंजिन संपलं. भंगाराच्या भावात मी घेतो."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला.

सुट्या भागांचे व्यापारी बाबालाल अत्तार शेजारीच उभे होते. "रावसाहेब, एक चाक जमिनीला अडलं की मोकळं चाक दुप्पट फिरतं. दोन फेरे मोजा की."

मोजले. शाफ्ट साडेपाच वेळा फिरला.

"हे तर डोंगर चढायचं गिअरिंग, म्हणूनच पळताना इंजिन किंचाळतं," रावसाहेब पुटपुटले. "असलं कोणी बसवलं?"

"मीच दिलं वहिनींच्या मालकांना. तेव्हा त्यांचं घर कोकणात होतं. आजारी लेकीला तिथून घाट चढवून इथल्या दवाखान्यात आणायचे, दर आठवड्याला. लेक गेली, पण त्यांनी ते बदललं नाही. इंजिन संपलेलं नाही, रावसाहेब. घाट संपला, हे त्याला कोणी सांगितलंच नाही."

रावसाहेबांची मान खाली गेली. वहिनींनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "बाबालालभाई, आता सांगा त्याला."

तेव्हा मंडळी, कुणाला भंगार म्हणण्याआधी फेरे पुरे मोजा. हिशेब खरा ठेवा, एवढंच मागणं.