पिटकी आणि तीन तळी

एक देश होता, कोरडा ठणठणीत! तिथे नदी नाही, ओढा नाही. होती फक्त तीन तळी, एकाच पाटाने जोडलेली. एक वाटीतळं, एक घागरतळं आणि सगळ्यात मोठं रांजणतळं.

तळ्यांच्या खाली होतं एक डबकं. डबक्यात राहायची पिटकी बेडकी. अंगठ्याएवढी! पण आवाज? बाप रे!

"डरांव! डरांव!"

आई म्हणायची, "हळू गं पिटके, कान गेले माझे!"

एके सकाळी पिटकी बघते तर काय, डबकं आटलं! उरलं ओंजळभर पाणी. त्यात तिचा धाकटा भाऊ, गुंड्या. गुंड्याला अजून पायच फुटले नव्हते. नुसती शेपटी. तो उडी कशी मारणार? जाणार कुठे?

"ताई, पाणी!"

"आणते रे बाळा!"

आई गुंड्यावर सावली धरून बसली. पिटकी निघाली. टुपूक टुपूक, टुपूक टुपूक. आली वाटीतळ्याकडे.

"वाटीतळ्या, वाटीतळ्या, डबक्याला पाणी दे.
गुंड्याची शेपटी भिजेना!"

"मी नाही जा! घागरतळं मला देईना, मी कुठून देऊ?"

टुपूक टुपूक, टुपूक टुपूक. आली घागरतळ्याकडे.

"घागरतळ्या, घागरतळ्या, वाटीतळ्याला पाणी दे.
वाटीतळं डबक्याला देईना,
गुंड्याची शेपटी भिजेना!"

"मी नाही जा! रांजणतळं मला देईना, मी कुठून देऊ?"

टुपूक टुपूक, टुपूक टुपूक. आली रांजणतळ्याकडे. अबब, केवढं मोठं! या काठावरून तो काठ दिसेना.

"रांजणतळ्या, रांजणतळ्या, घागरतळ्याला पाणी दे.
घागरतळं वाटीतळ्याला देईना,
वाटीतळं डबक्याला देईना,
गुंड्याची शेपटी भिजेना!"

"मी नाही जा! माझं दार बंद. केरबा पाटकरी उघडेनात, मी कुठून देऊ?"

टुपूक टुपूक, टुपूक टुपूक. दाराशीच बसले होते केरबाकाका. गळ्याला मफलर, हातात काढा.

"केरबाकाका, केरबाकाका, तळ्याचं दार उघडा.
रांजणतळं घागरतळ्याला देईना,
घागरतळं वाटीतळ्याला देईना,
वाटीतळं डबक्याला देईना,
गुंड्याची शेपटी भिजेना!"

"मी नाही... ख्यॅ ख्यॅ... जा!" काकांचा आवाजच फुटेना. "पाटात म्हशी बसतात, पोरं खेळतात. आधी हाळी द्यायची, मग पाणी सोडायचं. आणि माझा तर घसा बसलाय!"

पिटकीला रडू आलं. केवढं मोठं रडू!

"डरांऽऽव!"

काकांचा काढा सांडला.

"अगं पोरी! हीच तर हाळी!"

पिटकी चढली दारावर. गाल फुगवले टम्म.

"डरांव! डरांव! पाणी आलं, बाहेर व्हा!"

पाटातली म्हैस उठली. पोरं पळाली काठावर. काकांनी चाक फिरवलं, करकर करकर. दार उघडलं!

रांजणतळ्याने घागरतळ्याला दिलं, धबधब धबधब.
घागरतळ्याने वाटीतळ्याला दिलं, खळखळ खळखळ.
वाटीतळ्याने डबक्याला दिलं, झुळझुळ झुळझुळ.
आणि गुंड्याची शेपटी भिजली!

सुळकन इकडे, सुळकन तिकडे. "ताई, पाणी! ताई, पाणी!"

केरबाकाकांचा घसा बरा झाला. पण हाळी आता पिटकीच देते. आणि आई काय म्हणते?

"मोठ्याने गं, पिटके! अजून मोठ्याने!"

डबकं भरलं काठोकाठ,
आमची गोष्ट तुम्हांला पाठ!