लुशिंगाच्या धबधब्यावर जनावर का येत नाही

लुशिंगाच्या धबधब्यावर एकही जनावर पाणी प्यायला येत नाही. हत्ती नाही, झेब्रा नाही, साधे हरीणसुद्धा नाही. खाली एवढा मोठा डोह आहे, काठाला हिरवे गवत आहे, आणि कोरड्या महिन्यांत आसपासच्या रानात दुसरीकडे टिपूस नसतो. तरी कळप हा डोह टाळून चार कोस वर, नदीच्या उथळ पात्राकडे जातात. आफ्रिकेतल्या या अभयारण्यात मी बावीस वर्षे मराठी मंडळींना घेऊन येतो आहे आणि ही गोष्ट गाडीतच दोनदा बजावतो. पण ऐकतो कोण? जाहिरातीत धबधब्याचे चित्र असते, शेजारी हत्तीचे असते, आणि माणसे धरून चालतात की हत्ती धबधब्याखाली अंघोळच करत असणार.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्यात इचलकरंजीचे तारळेकर म्हणून एक गृहस्थ होते. धबधब्याच्या मैलभर अलीकडे पत्र्याचा निवारा आहे, तिथे आम्ही दुपारचा चहा घेत होतो. समोरच्या माळावरून हत्तींचा एक कळप वरच्या अंगाला चालला होता. तारळेकर उठले, जेवणाचे ताट उलटे धरून त्यावर चमचा बडवू लागले आणि गोठ्यातल्या म्हशीला बोलवावे तसे हत्तींना बोलवू लागले. मंडळी हसली. तेव्हा आमचा वाटाड्या मुसोंडा पुढे आला आणि त्याने ते ताट त्यांच्या हातातून काढून घेतले. मुसोंडा पंचाहत्तरीचा. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. त्याने तारळेकरांना खाली बसायला सांगितले आणि तो त्याच्या भाषेत बोलू लागला. मी मराठीत सांगत गेलो. त्याच्या रागात साखर घालायची मला काही गरज वाटली नाही.

तो म्हणाला, फार पूर्वी इथे धबधबा नव्हता. नदी सपाट वाहत होती आणि तिला एकच खोल डोह होता. त्या डोहावर माणसांचा आणि जनावरांचा करार होता, असे सांगतात. उन्हे कलेपर्यंत पाणी माणसांचे, उन्हे कलल्यावर जनावरांचे. पाणी पिण्यासाठी खाली वाकलेल्या मानेवर कोणी हत्यार चालवायचे नाही. बायका घागरी भरून गेल्या, मागे कोणी उरले नाही, की काठावर एक ढोल तीनदा वाजे. तो ऐकून टेकडीवरच्या झाडांखाली थांबलेले कळप खाली उतरत. पोकळ ओंडक्याचा तो ढोल वाजवण्याचे काम एकाच घरातल्या बायकांकडे होते. त्या काळी ते म्वापे नावाच्या बाईकडे होते. म्वापेने ढोल वाजवला म्हणजे वाट मोकळी आहे, हे हत्तिणीच्या मागून चालणाऱ्या पिल्लालाही ठाऊक होते म्हणे.

त्या मुलखाचा सरदार कालाबा. माणूस शूर असेल, पण बढाईखोर. एका कोरड्या ऋतूत त्याच्याकडे समुद्राकडचे व्यापारी पाहुणे आले. त्यांच्यासमोर कालाबा बोलून बसला की माझ्या राज्यात हत्ती हाकेसरशी चालत येतात. बाजारात तुरी! पाहुणे भाले घेऊन चार दिवस डोहाकाठी ठाण मांडून बसले. काठावर माणसे आहेत म्हणून म्वापेने ढोलाला हात लावला नाही, आणि ढोल वाजला नाही म्हणून एकही जनावर उतरले नाही. तहानलेली पिल्ले टेकडीवर ओरडत होती, ते गावात ऐकू येत होते. पाहुणे सरदाराला हसू लागले.

कालाबाने म्वापेला बोलावून ढोल वाजवायला सांगितले. तिने नाही म्हटले. माणसे काठावर असताना वाजवला तर तो खोटा होईल, एवढेच ती म्हणाली. मग पाचव्या दिवशी दुपारी कालाबा स्वतः तिच्या दारात गेला. पाहुणे निघून गेले, काठ मोकळा आहे, असे त्याने तिला सांगितले आणि आईची शपथ घेतली.

इथे मुसोंडा थांबला. तारळेकरांनी विचारले, की त्या बाईने आधी काठ एकदा धुंडाळून पाहिला का नाही? मी ते विचारले, तसा म्हातारा आणखी भडकला. आमच्यात आईची शपथ घेतलेल्या माणसाच्या मागे जाऊन खरेखोटे पाहत नाहीत, तो म्हणाला. पाहणे म्हणजे त्याच्या आईला खोटे ठरवणे. जिचे सारे आयुष्य एका शब्दावर चालले होते, ती दुसऱ्याच्या शब्दावर शंका कशी घेणार? कालाबाला हे पक्के माहीत होते, म्हणूनच त्याने ती शपथ घेतली.

म्वापेने काठावर जाऊन तीनदा ढोल वाजवला आणि ती घराकडे वळली. पाच दिवसांची तहान घेऊन कळप धावतच खाली आले. त्यांनी माना खाली घातल्या आणि सोंडा पाण्यात बुडवल्या. तेव्हा बोरूच्या बेटातून पाहुणे उठले. एकही हत्ती पळाला नाही, असे सांगतात, कारण ढोल वाजल्यावर पळायचे असते हे त्यांच्यातल्या कोणाला माहीतच नव्हते. केसाने गळा कापणे म्हणतात ते हे! पाहुण्यांनी दात काढून घेतले आणि संध्याकाळच्या आत ते निघून गेले. मांस तिथेच सडले. त्या वर्षी गावाला लाल पाणी प्यावे लागले, आणि गाव त्याच लायकीचा होता, असे मुसोंडा म्हणाला.

आरडाओरडा ऐकून म्वापे डोहावर आली. मेलेल्या हत्तिणीजवळ एक पिल्लू उभे होते आणि ढोलाकडे बघत होते. कालाबा पाण्यात हात धूत होता. तिची मुद्रा पाहून तो हसला.

तो म्हणाला, "जनावरंच होती. त्यांना शब्द काय कळतो?"

"कळला म्हणूनच आली," म्वापे म्हणाली. "तुला कळत नाही. माझ्या घरातल्या बायकांनी जन्मभर जपलेला शब्द तू एका दुपारी चार परक्यांना खाऊ घातलास. आता हा ढोल कधी थांबणार नाही. तो ऐकून एकही जनावर इथे येणार नाही. आणि तू इथे उभा राहून काही बोललास, तर ते कोणालाही ऐकू जाणार नाही."

मग ती ढोल घेऊन नदीत उतरली. कंबरभर पाण्यातही ती तो बडवत होती, गळ्याशी पाणी आले तरी बडवत होती. जिथे ती दिसेनाशी झाली, तिथे खडक उभा फाटला आणि नदी दोनशे हात खाली कोसळली. तोच हा धबधबा. कालाबा कड्यावरून ओरडू लागला, आधी हुकूम सोडून, मग गयावया करून. लोकांना नुसते त्याचे हलणारे ओठ दिसले. पोटच्या मुलांनाही त्याचे बोलणे ऐकू आले नाही. तिसऱ्या दिवशी सारा गाव बोचकी बांधून वरच्या अंगाला निघून गेला, आणि त्याला तिथे सोडल्याचे कोणाला वाईट वाटले नाही.

गोष्ट सांगून मुसोंडा उठला आणि आम्हाला धबधब्यापाशी घेऊन गेला. कड्याच्या टोकाला जाऊन त्याने टोपी काढली आणि तो पाण्याकडे तोंड करून बोलू लागला. घशाच्या शिरा फुगेपर्यंत तो ओरडत असावा, पण दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या मला त्यातले अक्षर कळले नाही. निवाऱ्यात परतल्यावर त्याने सांगितले की तो कालाबाच्या घराण्यातला आहे. इथला पाऊस दिवाळीनंतर सुरू होतो, त्याआधी दर वर्षी घराण्यातला सर्वांत वडील पुरुष तिथे जाऊन पूर्वजाचा गुन्हा कबूल करतो. गेली एकोणीस वर्षे ते काम त्याच्याकडे आहे.

तारळेकर आता मऊ आवाजात म्हणाले, "आजोबा, एवढ्या पिढ्या झाल्या. आता तरी तिनं माफ केलं असेल."

मी ते सांगितले. मुसोंडाने त्यांचे ताट त्यांच्यासमोर ठेवले.

"माफी मागायला जातं कोण?" तो म्हणाला. "आमच्या तोंडचा शब्द फुकट जातो, हे आम्हाला दर वर्षी दिसलं पाहिजे. नाहीतर आम्ही पुन्हा शपथा घेऊ."

आजही त्या अभयारण्यातला कोणताही वाटाड्या पाहुण्यांना जनावर दाखवण्याचे वचन देत नाही. आणि आजही कालाबाच्या घराण्यातल्या माणसाने आईची शपथ घेतली, तर ऐकणारा उठून स्वतः बघून येतो, आणि शपथ घेणारा मान खाली घालून तो परतेपर्यंत उभा राहतो.